जाळी कशासाठी होती?

उन्हाळ्याची सुट्टी लागली, की ग्रुपवर वॉटर पार्कचे प्लॅन्स सुरू होतात आणि त्यासोबत एक व्हिडिओ हमखास फिरतो. जगातल्या सगळ्यात उंच, सगळ्यात खतरनाक स्लाइड्सचा. त्यात अमेरिकेतल्या कॅन्सस सिटीमधली ‘फेरुक्ट’ नावाची एक स्लाइड बहुतेक वेळा असतेच. हा जर्मन शब्द आहे, अर्थ ‘वेडा’. उंची ५१ मीटर, म्हणजे १७ मजली इमारतीएवढी. वर पोचायला २६४ पायऱ्या. तिघांना घेऊन राफ्ट वरून झेपावते, समोरचा उंचवटा चढते आणि पलीकडे पुन्हा खाली जाते. खाली कमेंट्समध्ये ‘भाई, एकदा तरी जायचंय’चा पाऊस.

आता जाता येणार नाही. ही स्लाइड २०१८ मध्ये पाडली. ७ ऑगस्ट २०१६ रोजी तिच्यावर एका १० वर्षांच्या मुलाचा मृत्यू झाला. ऑगस्ट २०२६ मध्ये त्या घटनेला १० वर्षं होतात.

तो व्हिडिओ पुन्हा समोर आला, तर यावेळी राफ्टकडे बघू नका, तिच्या वर बघा. स्लाइडवर ठरावीक अंतरावर लोखंडी कमानी आहेत आणि त्यांना जाळी बांधलेली आहे. पाण्याच्या घसरगुंडीवर, चालत्या राफ्टच्या डोक्यावर जाळी कशाला? हा प्रश्न अगदी साधा आहे. पण त्याचं उत्तर शोधायला गेलं, की बारावीच्या फिजिक्सपासून अमेरिकेतल्या कायद्यांपर्यंत बरंच काही हाती लागतं. आणि आपल्या पुढच्या ट्रिपलाही ते उपयोगी पडतं.

उंचीचा हिशोब

आधी सोप्या गोष्टीपासून सुरुवात करू. स्लाइडवर आपल्याला कोणी ढकलत नाही, इंजिन नसतं. जो काही वेग मिळतो तो उंचीमुळे. वर असताना शरीरात साठलेली स्थितिज ऊर्जा खाली येताना गतिज ऊर्जेत बदलते. घर्षण आणि हवेचा अडथळा क्षणभर बाजूला ठेवला, तर १० मीटरवरून खाली आल्यावर वेग साधारण ताशी ५० किलोमीटर होतो. २० मीटरवरून ७१, ४० मीटरवरून १०१ आणि ५१ मीटरवरून ११४. प्रत्यक्षात वेग यापेक्षा थोडा कमी भरतो. फेरुक्टचा वेग ताशी १०५ किलोमीटरच्या आसपास सांगितला जायचा. म्हणजे एक्स्प्रेस-वेवर गाडीला जेवढी मुभा असते, जवळपास तेवढाच. फरक इतकाच, की इथे गाडी नाही, एअरबॅग नाही. अंगावर स्विमिंग कॉस्च्युम आणि खाली रबराची राफ्ट.

उंची दुप्पट केली तर वेग दुप्पट होत नाही, साधारण १.४ पट होतो. त्यामुळे ‘अजून थोडी उंच केली तर काय बिघडतं?’ असं वाटू शकतं. पण शेवटी थांबवायची असते ती ऊर्जा आणि ती मात्र थेट दुप्पट होते. ताशी १०० किलोमीटर वेगानं येणाऱ्या माणसाला ३० मीटरच्या पाण्याच्या पट्ट्यात थांबवलं, तर त्याच्या शरीरावर वजनाच्या सव्वापट जोर मागच्या दिशेनं येतो. तेच १० मीटरमध्ये थांबवलं, तर चौपट. म्हणून उंच स्लाइडच्या शेवटी तो लांबलचक, सपाट, कंटाळवाणा वाटणारा पट्टा असतो. थ्रिल वर असतं, पण आपल्याला सुखरूप घरी पाठवायचं काम हा पट्टा करतो.

भीती वाटणं आणि धोका असणं या दोन गोष्टी वेगळ्या आहेत, हे इथे लक्षात घ्यायला हवं. चांगल्या स्लाइडवर भीती भरपूर वाटते आणि धोका कमीत कमी असतो. पोटात गोळा येतो, किंचाळ्या निघतात, पण शरीर पूर्ण वेळ स्लाइडला चिकटून असतं आणि कुठल्या वळणावर किती जोर येणार हे कोणीतरी आधीच कागदावर मांडलेलं असतं. ब्राझीलमधल्या फोर्तालेझा शहराजवळची ‘इन्सानो’ ही ४१ मीटर उंच स्लाइड १९८९ पासून आहे. उतार जवळजवळ सरळ खाली. पण एकदा खाली गेलं की गेलं, मध्ये पुन्हा वर चढायचं नाही. फेरुक्टनं नेमकी तीच गोष्ट करायचं ठरवलं.

एसटीची शेवटची सीट

एसटीच्या शेवटच्या सीटवर बसून प्रवास केलाय? मग पुढचं फिजिक्स तुम्हाला पाठ आहे. ड्रायव्हरला स्पीड ब्रेकर दिसला नाही, की मागचे सगळे सीटवरून वर उडतात. गाडीचा मागचा भाग उंचवट्यावरून वर फेकला जातो आणि लगेच खाली वळतो. आपलं शरीर मात्र अजून वरच चाललेलं असतं. आपल्याला खाली ओढायला फक्त गुरुत्वाकर्षण असतं आणि ते एवढ्या कमी वेळात पुरं पडत नाही. मग डोकं टपाला लागतं.

स्लाइडवरच्या उंचवट्याचंही असंच आहे. माथ्यावरून जाताना राफ्टला गोल वळणानं खाली यायचं असतं. वेग जास्त आणि वळण छोटं असेल, तर गुरुत्वाकर्षण तिला वळणावर धरून ठेवू शकत नाही. राफ्ट सरळ जाते, म्हणजे हवेत जाते. एक ढोबळ हिशोब मांडून बघू. माथ्यावर वेग ताशी ५४ किलोमीटर असेल, तर राफ्ट चिकटून राहायला माथ्याच्या गोलाईची त्रिज्या किमान २३ मीटर हवी. वेग ७२ असेल, तर ४१ मीटर. वेग वाढला एक तृतीयांशानं, पण त्रिज्या पावणेदोन पटीच्या वर गेली, कारण इथे वेगाचा वर्ग येतो. नुसता १० टक्के वेग वाढला, तरी राफ्टला वर फेकणारा परिणाम २१ टक्क्यांनी वाढतो. म्हणजे अंदाजात चूक करायला फारशी जागाच नाही.

‘पण रोलर कोस्टरही असे उंचवटे पार करतात की!’ बरोबर. पण रोलर कोस्टरच्या डब्याला फक्त रुळावर चालणारी चाकं नसतात. रुळाच्या बाजूला आणि रुळाच्या खालूनही चाकं असतात. डबा उडायला बघतो तेव्हा खालची चाकं त्याला रुळाला धरून ठेवतात. माणसांना सीटला धरून ठेवायला आडवा दांडा किंवा खांद्यावरून येणारं लॉक असतं. राफ्टला यातलं काहीच नसतं. ती पाण्याच्या पातळ थरावर नुसती ठेवलेली असते. फेरुक्टच्या राफ्टमध्ये माणसांना बांधायला वेल्क्रोचे पट्टे होते.

त्यात दुसरी अडचण वजनाची. पुस्तकात आपण शिकतो, की खाली येण्याचा वेग वस्तुमानावर अवलंबून नसतो. तो नियम घर्षण नसलेल्या जगातला. खऱ्या स्लाइडवर हवा आणि पाणी राफ्टला मागे ओढतात. हलकी राफ्ट त्यात आपल्या ऊर्जेचा मोठा वाटा गमावते, जड राफ्ट त्या मानानं कमी. म्हणून जड राफ्ट उंचवट्यावर जास्त वेगानं पोचते. फेरुक्टचा उंचवटा सुमारे १५ मीटरचा होता आणि तो चढताना पाण्याचे जोरदार फवारे राफ्टला मागून ढकलत. हलकी राफ्ट माथ्यापर्यंत पोचलीच नाही तर मागे घसरणार आणि जड राफ्ट फार वेगानं पोचली तर उडणार. या दोन्हींच्या मध्ये बसवण्यासाठी तिघांच्या एकूण वजनाला ४०० ते ५५० पौंड, म्हणजे साधारण १८१ ते २४९ किलो अशी मर्यादा होती. त्या मर्यादेतही पाण्याचा दाब, वारा, कोण पुढे बसलंय आणि कोण मागे, अशा प्रत्येक गोष्टीनं हिशोब थोडा इकडेतिकडे होणार.

आता जाळीकडे परत येऊ. राफ्ट स्लाइडला चिकटूनच राहणार अशी खात्री असती, तर डोक्यावर जाळीची गरज पडली नसती. ती उडू शकते, हे बांधणाऱ्यांच्या मनात होतं, याचा सगळ्यात स्पष्ट पुरावा म्हणजे ती जाळी.

चाचणीत काय दिसलं होतं

हे काही मागाहून सुचलेलं शहाणपण नाही. २०१४ मध्ये स्लाइड सुरू होण्याआधी वाळूच्या गोण्या ठेवून राफ्ट्स सोडण्यात आल्या, तेव्हा त्यातल्या काही उंचवट्यावरून हवेत उडाल्या. त्याचं शूटिंगही झालं, कारण हे सगळं एका टीव्ही शोसाठी चालू होतं. उद्घाटन पुढे ढकललं गेलं, स्लाइडचा बराच भाग पाडून पुन्हा बांधण्यात आला. अखेर १० जुलै २०१४ रोजी ती लोकांसाठी खुली झाली. तेव्हा ती जगातली सगळ्यात उंच वॉटर स्लाइड होती आणि गिनीज बुकात तिची नोंद होती.

७ ऑगस्ट २०१६ ला पार्कनं राज्यातल्या लोकप्रतिनिधींसाठी आणि त्यांच्या कुटुंबांसाठी खास दिवस ठेवला होता. मृत्यू झालेला मुलगा कॅन्ससच्या विधिमंडळातल्या एका सदस्याचाच मुलगा. तो राफ्टमध्ये सगळ्यात पुढे बसला होता, मागे दोन महिला. पहिला उतार नीट पार झाला. उंचवट्यावर राफ्ट उडाली आणि तो मुलगा जाळी धरून ठेवणाऱ्या लोखंडी कमानीवर आदळला. जागीच त्याचा मृत्यू झाला. दोन्ही महिला जखमी झाल्या.

ज्या गोष्टीनं त्याला बाहेर फेकलं जाण्यापासून वाचवायचं होतं, तीच त्याच्या मृत्यूचं कारण ठरली. इंजिनीअरिंगच्या मुलामुलींना विचारलं तर ते लगेच सांगतील, सुरक्षेचा क्रम ठरलेला असतो. आधी धोका डिझाइनमधूनच काढायचा. तो निघत नसेल, तरच अडथळा, जाळी, पट्टा यांचा विचार करायचा. आणि जाळी लावायचीच असेल, तर ताशी ८०-९० किलोमीटर वेगानं माणूस तिच्यावर आदळला तर काय होईल, याचाही हिशोब करायचा. इथे धोका जागेवरच राहिला आणि त्याच्यावर झाकण आलं.

२०१८ च्या मार्चमध्ये ग्रँड ज्युरीनं आरोपपत्र दिलं. कंपनी, पार्कचे व्यवस्थापक, सहमालक आणि डिझाइनर असे सगळे त्यात होते. सहमालक आणि डिझाइनर या दोघांकडेही इंजिनीअरिंगची पदवी नव्हती, टीव्हीवाल्यांवर छाप पाडायची म्हणून घाईघाईत काम उरकलं आणि मृत्यूच्या आधीच किमान १३ जण या स्लाइडवर जखमी झाले होते, असं आरोपपत्रात म्हटलं होतं. कंपनीनं आरोप नाकारले. फेब्रुवारी २०१९ मध्ये न्यायाधीशांनी ते रद्दही केले. ग्रँड ज्युरीला दाखवू नये असा मजकूर दाखवला गेला, असं त्यांनी म्हटलं. त्यात त्या टीव्ही शोची दृश्यं होती. शिवाय उद्योगाचे जे तांत्रिक निकष सरकारी पक्षानं पुढे केले, ते त्या वेळच्या कॅन्ससच्या कायद्यानं बंधनकारकच नव्हते, हा मुद्दाही महत्त्वाचा ठरला. मुलाच्या कुटुंबाला भरपाई म्हणून जवळपास २ कोटी डॉलर मिळाले. तुरुंगात कोणी गेलं नाही.

तपासायचं कोणी?

मला या सगळ्या प्रकरणात सगळ्यात जास्त खटकलेली गोष्ट हीच. निकष अस्तित्वात होते. अमेरिकेत वॉटर स्लाइडचं डिझाइन, बांधकाम आणि चालवणं कसं असावं, याचे लिखित तांत्रिक मानदंड त्या आधीपासून होते. पण ते पाळलेच पाहिजेत, अशी सक्ती तिथे नव्हती. दरवर्षी राज्याच्या यंत्रणेनं येऊन राइड तपासलीच पाहिजे, असंही नव्हतं. पार्कनं स्वतः तपासणी करून घ्यायची, कागद ठेवायचे आणि सरकारनं अधूनमधून ते कागद बघायचे, अशी पद्धत होती. थोडक्यात, परीक्षाही आपणच द्यायची आणि पेपरही आपणच तपासायचा.

मग केंद्र सरकार? तिथेही एक गंमत आहे. अमेरिकेच्या संसदेनं १९८१ मध्ये एका जागी कायम असलेल्या पार्कमधल्या राइड्स केंद्रीय ग्राहक सुरक्षा आयोगाच्या अखत्यारीतून काढून टाकल्या. गावोगावी फिरणाऱ्या जत्रेतले पाळणे आयोगाकडे राहिले आणि कोट्यवधी डॉलरची पार्क्स राज्यांवर सोडली गेली. काही राज्यांत नियम कडक, काहींत नावापुरते.

कॅन्ससमध्ये कायदा बदलला तो २०१७ मध्ये. मुलाचे वडील स्वतः सभागृहात त्या विधेयकाच्या बाजूनं बोलले. आता तिथे पात्र तपासनीसाकडून दरवर्षी तपासणी आणि गंभीर दुखापतींची नोंद बंधनकारक आहे. नियम चांगला आहे. पण ज्या विधिमंडळात तो झाला, त्यातल्याच एका सदस्याचं मूल जाईपर्यंत तो झाला नाही, हेही खरंच.

ही गोष्ट नवीन नव्हती, हे तर आणखी वाईट. न्यू जर्सीमधल्या व्हर्नन गावात १९७८ मध्ये सुरू झालेलं ‘अॅक्शन पार्क’ अमेरिकेत आजही मीम्समध्ये जिवंत आहे. तिथे १९८५ मध्ये एक बंद नळीची स्लाइड सुरू झाली, जिच्या शेवटी चक्क उभा गोल होता. म्हणजे माणसानं पाण्याबरोबर पूर्ण उलटं होऊन बाहेर यायचं. आता गोलाचं गणित बघा. पूर्ण वर्तुळाकार गोलाच्या माथ्यावरून जेमतेम पडता पडता वाचायचं असेल, तरी गोलाच्या तळाशी शरीरावर वजनाच्या सहापट जोर येतो. म्हणून रोलर कोस्टरचे लूप पूर्ण गोल नसतात, वर निमुळते आणि खाली पसरट असतात. त्यातही माणसाचा वेग डब्यासारखा ठरलेला नसतो. एकाचं वजन कमी, एकाचे कपडे घासणारे, एक जण घाबरून पाय रोवणारा. वेग कमी पडला, की माथ्यापर्यंत न पोचता माणूस मागे घसरणार. अडकलेल्यांना बाहेर काढण्यासाठी त्या नळीला एक झडपही बसवली होती. महिनाभरातच राज्याच्या यंत्रणेनं ती स्लाइड बंद केली. त्या पार्कमध्ये निरनिराळ्या कारणांनी पुढेमागे किमान ६ जणांचा जीव गेला.

अडकलेल्यांसाठी झडप आणि उडणाऱ्यांसाठी जाळी. मध्ये जवळपास ३० वर्षं, पण विचार करायची पद्धत तीच.

लूप असलेल्या स्लाइड्स आज जगात अनेक ठिकाणी आहेत आणि व्यवस्थित चालतात. कारण त्यातला लूप उभा नसतो, तिरका झुकवलेला असतो. जोर कमी होतो, घसरून मागे येणाऱ्यासाठी मार्ग डिझाइनमध्येच धरलेला असतो आणि वजनाची मर्यादा काट्यावर मोजून पाळली जाते. म्हणजे थ्रिल आणि सुरक्षा यांचं भांडण नाही. थ्रिल ठेवून धोका कमी करता येतो. त्यासाठी वेळ, पैसा आणि ‘नाही, हे चालणार नाही’ असं सांगू शकणारा बाहेरचा माणूस लागतो.

विक्रमाची हौसही संपलेली नाही. कतारमध्ये लुसैलजवळच्या मेरयाल वॉटर पार्कमध्ये आता ८५ मीटर उंचीचा टॉवर उभा आहे आणि त्यावर स्लाइड्स आहेत. उंच आहे म्हणून ती वाईट, असं अजिबात नाही. उंचीपेक्षा तपासणी कोणी केली, हा प्रश्न मोठा आहे.

आपल्या हातात काय?

हे सगळं वाचून ‘आता वॉटर पार्कलाच नको’ असं वाटायचं कारण नाही. आपण जिथे जातो, त्यातल्या बहुतेक स्लाइड्स फेरुक्टच्या जवळपासही जात नाहीत. पण स्लाइडच्या पायथ्याशी जो बोर्ड असतो, तो आपल्यापैकी कितीजण वाचतात? आमच्या ग्रुपमध्ये विचारलं, तर उत्तर होतं, ‘बोर्ड असतो?’ त्यावरच्या सूचना किरकिर वाटतात, पण प्रत्येकीच्या मागे वर सांगितलेलंच फिजिक्स आहे.

‘पाय घोट्याशी क्रॉस करा, हात छातीवर ठेवा.’ ताशी ५० किलोमीटर वेगानं पाण्यात शिरताना समोरचं पाणी जो दाब देतं, तो साधारण एका वातावरणाएवढा असतो. म्हणजे दर चौरस सेंटिमीटरला एक किलो. पाय फाकलेले असतील, तर हा दाब शरीराच्या नाजूक भागात आत घुसतो आणि त्यातून गंभीर इजा होऊ शकते. बसून किंवा उठून गेलात, तर शरीराचा गुरुत्वमध्य वर जातो आणि वळणावर तोल जायची शक्यता वाढते.

‘कॉटनचे कपडे, जीन्स चालणार नाहीत.’ कापड बदललं, की घर्षण बदलतं आणि घर्षण बदललं, की डिझाइन करताना धरलेला वेग बदलतो. मध्येच अडकलात, तर मागून येणारा तुमच्यावर आदळतो. बटणं आणि चेननं फायबरच्या पृष्ठभागावर ओरखडे पडतात, ते पुढच्याच्या पाठीला लागतात.

‘सिग्नल मिळाल्याशिवाय निघू नका.’ पुढचा माणूस खालच्या पाण्यातून बाहेर पडला की नाही, हे वरून तुम्हाला दिसत नाही. खालच्या लाइफगार्डला दिसतं.

‘एकमेकांना धरून साखळी करू नका.’ ही आपल्या कॉलेज ग्रुप्सची सगळ्यात आवडती गोष्ट, म्हणून जरा सविस्तर. जून १९९७ मध्ये कॅलिफोर्नियातल्या कॉन्कॉर्ड शहराच्या एका वॉटर पार्कमध्ये शाळेच्या शेवटच्या वर्षाचे ३० हून अधिक विद्यार्थी एकाच वेळी एका स्लाइडमध्ये घुसले. एकत्र किती जण जाऊ शकतात, याचा शाळेचा रेकॉर्ड मोडायचा होता. स्लाइड मधूनच तुटली. एका विद्यार्थिनीचा मृत्यू झाला, ३० हून जास्त जखमी झाले. हिशोब करा. ३० जणांचं वजन सरासरी ६० किलो धरलं, तरी १,८०० किलो. एकामागून एक जाणाऱ्या माणसांसाठी बनवलेल्या नळीच्या एकाच तुकड्यावर हे वजन आलं. त्यात माणसांचा बांध झाला, की मागे पाणी तुंबतं आणि एक घनमीटर पाणी म्हणजे आणखी १,००० किलो.

वजन आणि उंचीची अट असेल, तर ‘जाऊ द्या हो दादा, लहान आहे पण धीट आहे’ असं म्हणून ऑपरेटरला पटवायला जाऊ नका. धीटपणाचा हिशोब डिझाइनमध्ये धरलेला नसतो. आणि ऑपरेटर बहुतेक वेळा आपल्याच वयाचा, सीझनपुरता कामाला लागलेला मुलगा असतो. त्याच्यावर नियम मोडायचा दबाव आणणारे आपण असू नये, एवढं तरी आपल्या हातात आहे.

पण अर्धी जबाबदारी आपली असली, तरी उरलेली अर्धी आपल्या हातात नाही, हे फेरुक्टनं दाखवलं. त्या राफ्टमधल्या तिघांचं एकूण वजन मर्यादेत होतं. स्लाइड उघडी होती, रांग लागली होती. रांगेत उभ्या असलेल्या माणसाला माथ्याची त्रिज्या मोजता येत नाही. तो फक्त एवढंच धरून चालतो, की कोणीतरी ती मोजली असेल.

हे ‘कोणीतरी’ कोण, ते विचारायला मात्र काहीच हरकत नाही. तिकीट काढताना किंवा बुकिंगच्या फोनवर तीन प्रश्न विचारता येतात. या राइडची शेवटची तपासणी कधी झाली? ती पार्कच्या स्टाफनं केली की बाहेरच्या तज्ज्ञानं? तो कागद बघायला मिळेल का? पार्क खासगी असलं, तरी त्याला परवानगी देणारी यंत्रणा सरकारी असते आणि तिला माहिती अधिकारात अर्ज करता येतो. अर्जाची फी १० रुपये आहे, वॉटर पार्कच्या कॅन्टीनमधल्या चहापेक्षा कमी. मास कॉम, लॉ, इंजिनीअरिंगच्या मुलांनी मिळून आपल्या जिल्ह्यातल्या पार्कबद्दल असा एक अर्ज टाकला, तर सुट्टीतला तो बरा प्रोजेक्ट होईल. कागद व्यवस्थित निघाले, तर छानच. मग निर्धास्त किंचाळत खाली या.